कोणत्या दिवशी?

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवणं म्हणजे दर रविवारी आपणच परीक्षेला बसणं. त्या दिवशी धडा सोपा होता, निदान मला तसं वाटलं होतं. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा पहिला अध्याय. पहिल्या दिवशी प्रकाश, दुसऱ्या दिवशी अंतराळ, तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन आणि झाडंझुडपं, असं करत करत सहाव्या दिवशी माणूस. मी फळ्यावर सहा चौकोन काढले, सातवा मोकळा ठेवला. मग धड्याच्या पुस्तिकेत होतं ते वाचून दाखवलं: कुटुंब, काम, राज्यसत्ता आणि मंडळी (म्हणजे चर्च) हा मानवी समाजाचा पाया देवाने स्वतः घातला आहे.

मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. "सर, सरकार कोणत्या दिवशी केलं?"

वर्ग हसला. मीही हसलो, कारण हसलं की विचार करायला थोडा वेळ मिळतो. ती मात्र हसत नव्हती. फळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "नाही म्हणजे, कोणत्या चौकोनात लिहू?"

"पुढच्या रविवारी सांगतो," मी म्हणालो. शिक्षकांचं हे फार जुनं हत्यार आहे आणि ते मुलांनाही ओळखू येतं.

मी चर्चचा पाळक नाही, सेमिनरीत धर्मशास्त्र शिकलेलोही नाही. नोकरी सांभाळून वाचत आलेला माणूस आहे. पण "देवाने नेमलेली व्यवस्था" हे शब्द मी आयुष्यभर ऐकले आणि तितक्याच सहजपणे वापरलेही. त्यांचा हिशोब कोणी असा चौकोनांत मागितला नव्हता. त्या रात्री पवित्र शास्त्र उघडलं आणि एक साधं काम करायचं ठरवलं. आदाम-हव्वेने ते फळ खाल्लं त्याच्या आधी काय काय होतं आणि नंतर काय काय आलं, याचे दोन रकाने पाडायचे.

आधीच्या रकान्यात काम सापडलं. मला लहानपणापासून वाटायचं, की काम ही शिक्षा आहे. शिक्षा आहे ती घामाची आणि काटेकुसळांची. काम त्याच्या आधीच दिलेलं आहे: देवाने माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. तिथे जे दोन हिब्रू शब्द आहेत, अबाद आणि शामर, तीच जोडी पुढे गणना या पुस्तकात लेवींच्या, म्हणजे पवित्रस्थानाच्या सेवेकऱ्यांच्या, निवासमंडपातल्या सेवेसाठी येते. म्हणजे माती उकरणं आणि पवित्रस्थानात सेवा करणं, दोन्हींना एकच भाषा. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा सोमवारी सकाळी कामावर जाताना मला जरा बरं वाटलं होतं. मंगळवारपर्यंत ते टिकलं नाही, हे खरं.

विसावाही आधीचाच. सातव्या दिवसाची, म्हणजे शब्बाथाची, आज्ञा शास्त्रात दोनदा येते आणि दोन्ही वेळा कारण वेगळं दिलेलं आहे. निर्गम या पुस्तकात कारण सृष्टीचं: देव सातव्या दिवशी थांबला, म्हणून तुम्हीही थांबा. अनुवाद या पुस्तकात कारण गुलामीचं: तुम्ही मिसरात दास होता हे आठवा, म्हणून तुमच्या दासाला, दासीला, बैलाला, गाढवाला आणि दारातल्या परक्यालाही थांबू द्या. ज्याला कोणी सुट्टी देणार नाही त्याच्यासाठीच ही आज्ञा आहे, असं दुसरं कारण वाचताना वाटतं. येशूही म्हणाला, की शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही. हे वाक्य मी वहीत वेगळं लिहून ठेवलं. त्याचं काम पुढे पडणार होतं.

मंडळीबद्दल जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं एक म्हणणं मला फार आवडतं. १५३५ पासून दहा वर्षं तो उत्पत्तीवर व्याख्यानं देत होता. त्यांत तो म्हणतो, की सगळ्यांत आधी उभी राहिली ती मंडळी, घरसंसाराच्याही आधी. ना भिंती, ना छप्पर, ना व्यासपीठ. एक झाड आणि एक शब्द, "याचे फळ खाऊ नको." ते झाडच आदामाची वेदी. दुसरा क्रम घरसंसाराचा. आणि राज्यसत्ता? पापाच्या आधी तिची गरजच नव्हती, असं ल्यूथर स्वच्छ सांगतो. जलप्रलयानंतर नोहा तारवातून बाहेर आल्यावर देव म्हणतो, की जो माणसाचं रक्त सांडेल त्याचं रक्त माणसाकडून सांडलं जाईल, कारण माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. ल्यूथरच्या मते तलवार पहिल्यांदा माणसाच्या हाती आली ती इथे.

म्हणजे मागच्या बाकावरच्या मुलीला उत्तर होतं. कोणत्याच दिवशी नाही.

पण मग मी वाचतच गेलो. ४१० साली गॉथ लोकांनी रोम लुटलं, त्यानंतर काही वर्षांत ऑगस्टीन हा बिशप देवाच्या नगराबद्दल लिहायला बसला. त्याने एक गोष्ट हेरली: देवाने माणसाला अधिकार दिला तो मासे, पाखरं आणि जनावरं यांच्यावर, दुसऱ्या माणसावर नाही. म्हणून तर शास्त्रातले पहिले नीतिमान लोक राजे नव्हते, मेंढपाळ होते. आणि पहिलं नगर कोणी वसवलं? काइनाने. भावाच्या रक्ताने हात माखलेल्या माणसाने. मध्ययुगातला ईश्वरविज्ञानी थॉमस अक्वायनस याला हे पूर्ण पटलं नाही. त्याच्या मते पाप नसतं तरी माणसं समूहात राहिली असती, आणि समूहाला सर्वांच्या हिताकडे नेणारं कोणीतरी लागलंच असतं. दास-स्वामी हे नातं तेवढं नसतं. मला दोघंही थोडे थोडे पटतात. चार चांगली माणसंसुद्धा एकत्र निघाली तर कोणत्या वाटेने जायचं हे एकाला ठरवावं लागतं, आणि त्यासाठी कोणाला तुरुंग लागत नाही.

माझ्या मनात घर केलं ते मात्र अब्राहम काइपरच्या कुबडीने. हा डच पाळक; पुढे वर्तमानपत्राचा संपादक, विद्यापीठाचा संस्थापक, आणि १९०१ ते १९०५ देशाचा पंतप्रधान. १८९८ साली प्रिन्स्टनला दिलेल्या व्याख्यानांत त्याने विचारलं होतं: काही मोडलंच नसेल तर पट्टी कोण बांधतो? पाय धड असतील तर कुबड्या कोण वापरतो? ज्याच्या हाती लवकरच देशाचा कारभार येणार होता त्या माणसाने राज्यसत्तेला कुबडी म्हणावं, यात मला एक प्रामाणिकपणा दिसतो. त्याआधी १८८० मध्ये, आपल्या विद्यापीठाच्या उद्घाटनाच्या भाषणात, त्याने घर, शाळा, विद्या, कला, मंडळी, राज्य अशा प्रत्येक क्षेत्राला देवाने आपापला अधिकार थेट दिला आहे, असं मांडलं होतं. घराला हा अधिकार राज्याकडून मिळालेला नाही, आणि राज्याला मंडळीकडून मिळालेला नाही. रोमन कॅथलिक मंडळी वेगळ्या वाटेने पण शेजारच्याच मुक्कामाला आली. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी लिहिलं, की कुटुंब कोणत्याही राज्याहून जुनं आहे. आणि १९३१ मध्ये पोप पायस अकरावे यांनी, की लहान समूहाला जे जमतं ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेणं हा अन्याय आहे.

कुबडी म्हटलं की काहींना राग येतो, कारण प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलं आहे, की देवापासून नाही असा अधिकारच नाही. हे मला टाळायचं नाही. पौलाने हे लिहिलं तेव्हा सिंहासनावर रोमन सम्राट नीरो होता, हे लक्षात घेतलं की तो अध्याय आणखीच अवघड होतो. पण तिथेच पौल अधिकाऱ्याला म्हणतो काय? देवाचा सेवक, तुझ्या हितासाठी. सेवकाला मालक असतो. आणि त्याच नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, तेराव्याच अध्यायात, सत्ता समुद्रातून वर येणारं श्वापद झालेली आहे. रोमकरांस पत्राचा तेरावा आणि प्रकटीकरणाचा तेरावा यांच्यामध्ये कुठेतरी प्रत्येक सरकार उभं असतं. यहुदी वरिष्ठांच्या सभेपुढे येशूचा शिष्य पेत्र म्हणाला, की आम्ही माणसांपेक्षा देवाचं मानलं पाहिजे. त्याच पेत्राच्या नावाच्या पत्रात राजाचा मान राखा असंही आहे. शमुवेल या संदेष्ट्याच्या म्हातारपणी लोकांनी राजा मागितला तेव्हा देवाने त्याला बजावायला सांगितलं, की हा राजा तुमचे मुलगे घेईल, मुली घेईल, शेतं घेईल, दहावा भाग घेईल. 'घेईल' हेच क्रियापद पुन्हा पुन्हा. आणि एवढं सांगून देवाने राजा दिला.

दिला. इथे मी अडलो. देवाने दिलेली प्रत्येक गोष्ट देवाला आरंभापासून हवी होती असं नसतं तर.

आता मला ते लिहिलं पाहिजे, जे टाळत टाळत मी इतकं ल्यूथर आणि काइपर लिहिलं.

माझी धाकटी बहीण एका संध्याकाळी एक पिशवी घेऊन माझ्या दारात आली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती. डाव्या मनगटावर तिने ओढणी गुंडाळली होती आणि ती का, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं म्हणून विचारलं नाही. मी तेव्हा मंडळीत नुकता शास्त्रपाठ घ्यायला लागलो होतो, वचनं जिभेवर होती. मी तिला पाणी दिलं, समोर बसवलं आणि सांगितलं, की विवाह ही देवाने बागेत स्थापलेली पहिली व्यवस्था आहे. सगळा समाज त्या पायावर उभा आहे. देवाने जे जोडलं आहे ते माणसाने तोडू नये. मी ओरडलो नाही. फार प्रेमाने सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने पेला धुतला, पालथा ठेवला आणि पिशवी उचलून परत गेली.

ती पुन्हा निघाली त्याला आणखी अकरा महिने लागले. त्या वेळी ती माझ्याकडे आली नाही.

मार्काच्या दहाव्या अध्यायातलं ते वचन मला पाठ होतं. ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, याकडे मी पाहिलंच नव्हतं. प्रश्न परूश्यांचा, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा: पुरुषाने बायको टाकावी हे योग्य आहे काय? त्या काळी सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाचा कागद, द्यायचं ते नवऱ्यानेच. हिल्लेल आणि शम्माय या यहुदी धर्मगुरूंच्या शिष्यांचा यावर वाद होता, आणि हिल्लेलच्या बाजूने म्हटलं जाई, की बायकोने जेवण बिघडवलं एवढंही कारण पुरेल. म्हणजे प्रश्न विचारणारे पुरुष होते, मोकळं व्हायचं होतं ते पुरुषांना, आणि रस्त्यावर येणार होती ती बाई. येशूने त्यांना तोंडावर सांगितलं, की मोशेने ती सूट तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे दिली. सृष्टीच्या आरंभापासून तसं नव्हतं. बाईच्या पाठीशी उभं राहायला उच्चारलेलं वाक्य मी एका बाईला परत पाठवायला वापरलं. पाया, पाया म्हणत होतो, आणि तोच तिच्या अंगावर ठेवत होतो.

येशू तिथे जे करतो ते मला आता माझ्या दोन रकान्यांसारखं दिसतं. शास्त्रात लिहिलेलं आहे एवढ्यावर तो थांबत नाही. हे आरंभापासूनचं आहे की दगडी मनांसाठी केलेली तडजोड आहे, असं तो विचारतो. मग मी उत्पत्ती परत वाचलं. "मनुष्य एकटा असावा हे बरे नाही." सगळं बरं, बरं, फार बरं चाललेलं असताना पहिल्यांदा 'बरे नाही' येतं ते इथे, पापाच्याही आधी. त्याच्यासाठी अनुरूप साहाय्यक. मूळ शब्द एझेर, आणि तो जुन्या करारात बहुतेक वेळा खुद्द देवासाठी येतो. "माझे साहाय्य परमेश्वरापासून येते" असं स्तोत्रकर्ता म्हणतो ते हेच साहाय्य. आणि "तो तुझ्यावर स्वामित्व चालवील" हे वाक्य? ते दुसऱ्या रकान्यात आहे. काट्याकुसळांच्या शेजारी. काटे देवाने नेमले म्हणून शेत निंदायचं नाही, असं आजवर कोणत्या उपदेशकाने सांगितलेलं मी ऐकलं नाही.

हे सगळ्यांना पटणार नाही. आमच्याच मंडळीतले, माझ्याहून जास्त वाचलेले लोक पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं पत्र काढतील, जिथे आदाम आधी घडवला गेला हा मुद्दा येतो, आणि नवऱ्याचं मस्तकपद पहिल्याच रकान्यात आहे म्हणतील. त्यांच्याशी मी वाद घालतो, पण त्यांना अप्रामाणिक म्हणणार नाही. इफिसकरांस पत्रात मस्तक असलेल्या नवऱ्याला जे सांगितलं आहे ते मात्र त्यांनी वाचावं: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं, तसं तू दे. क्रूसावर चढलेल्या मस्तकाला कोणाचं मनगट पिरगळायला हात मोकळा नसतो.

तडजोडीचा पाया कसा होतो, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यांत भयंकर उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. १८५७ साली तिथल्या डच रिफॉर्म्ड मंडळीच्या सिनडपुढे, म्हणजे धर्मसभेपुढे, प्रश्न आला, की काळ्या आणि मिश्रवर्णीय ख्रिस्ती लोकांनी गोऱ्यांबरोबर एकाच ठिकाणी उपासना करावी काय. सिनडने ठराव केला, की सगळ्यांनी एकत्रच असावं हेच इष्ट आणि शास्त्राला धरून आहे. परंतु काहींच्या दुर्बलतेमुळे जिथे अडचण येईल तिथे वेगळी इमारत चालेल.

काहींच्या दुर्बलतेमुळे. त्यांना त्या क्षणी माहीत होतं, की ही सूट आहे. त्यांनी ते लिहूनही ठेवलं. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळी मंडळीच स्थापन झाली. १९४८ मध्ये वर्णभेदाचं धोरण घेऊन सरकार आलं. त्याचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे त्याच डच रिफॉर्म्ड मंडळीचे माजी पाळक. पुढच्याच वर्षी गोऱ्यांनी इतरांशी लग्न करण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. देव ज्यांना जोडेल त्यांना आधीच तोडून ठेवायचं. १९७४ मध्ये मंडळीने अहवाल काढला, त्यात बाबेलच्या बुरुजाचा, म्हणजे देवाने माणसांच्या भाषा वेगळ्या केल्याच्या कथेचा, आधार घेऊन राष्ट्रांचं वेगळेपण शास्त्रातून मांडलं होतं. दुर्बलता शंभर-सव्वाशे वर्षांत देवाची योजना झाली होती. काइपरच्या क्षेत्रांची कल्पनाही त्यात ओढली गेली. प्रत्येक वंश हेच जणू एक क्षेत्र. आणि हे काइपरवर केवळ लादलं गेलं असंही म्हणता येत नाही, वंशांबद्दल त्याने स्वतः लिहिलेलं आज वाचवत नाही. १९८२ मध्ये त्याच वेगळ्या काढलेल्या मंडळीने बेल्हार इथे विश्वासाची कबुली मांडली आणि १९८६ मध्ये ती स्वीकारली. ज्यांना बाहेरच्या इमारतीत बसवलं होतं, त्यांनी आतल्यांना सुवार्ता सांगितली.

हिटलरच्या जर्मनीतही हेच झालं, फक्त झपाट्याने. मे १९३४ मध्ये बार्मेनला काही मंडळ्यांनी जाहीर केलं, की जीवनाचं असं एकही क्षेत्र नाही जिथे आमचा प्रभू येशू ख्रिस्ताखेरीज दुसरा कोणी आहे. दोनच आठवड्यांत आन्सबाखहून दुसरं पत्रक निघालं. कुटुंब, राष्ट्र आणि वंश यांचा देवाने नेमलेल्या नैसर्गिक व्यवस्थांमध्ये समावेश करून त्यात नेत्याबद्दल, म्हणजे हिटलरबद्दल, देवाचे आभार मानले होते. सही करणाऱ्यांत व्हेर्नर एलर्ट आणि पाउल आल्टहाउस हे नामवंत ईश्वरविज्ञानी होते. कुटुंबाच्या शेजारी एक शब्द हळूच ठेवला, बस. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफरला 'व्यवस्था' या शब्दाचीच भीती वाटायला लागली, कारण जे जे उभं आहे त्याला तो पवित्र करून टाकतो. विवाह, काम, राज्यसत्ता आणि मंडळी हे चारही त्याने ठेवले, पण त्यांना तो देवाने सोपवलेली कामगिरी म्हणू लागला. कामगिरीचा जाब द्यावा लागतो. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्याला फ्लॉसनब्युर्गच्या छावणीत फाशी दिलं.

पुढच्या रविवारी मी फळ्यावर पुन्हा चौकोन काढले. शेवटच्या चौकोनाच्या बरंच उजवीकडे, फळ्याच्या कडेला, बागेचं बंद दार काढलं आणि त्याच्याही पलीकडे 'सरकार' लिहिलं. जागा पुरली नाही, 'कार' लाकडी चौकटीवर गेलं.

"म्हणजे सरकार पाप आहे?" मागचा बाक.

"नाही. कुबडी पाप नसते. पाय मोडला असेल तर ती देवाची कृपाच."

"मग ती काढायची कधी?"

मी प्रकटीकरणातलं शेवटचं नगर सांगितलं. काइनाच्या नगरापासून सुरू झालेली गोष्ट अखेर नगरापाशीच संपते, आणि त्या नगरात मंदिर नाही. तिने विचारलं, "मंडळीपण नाही?" मी म्हणालो, वेगळी इमारत नाही. ती वहीत काहीतरी लिहीत राहिली. काय ते मला दिसलं नाही.

मागच्या वर्षी माझ्या भाचीचं लग्न झालं. माझी बहीण आणि मी आता बोलतो. पूर्वीसारखं नाही, पण बोलतो. त्या संध्याकाळबद्दल मी तिची क्षमा मागितली होती, फोनवर, कारण समोर धीर झाला नाही. ती म्हणाली होती, "हं." लग्नाच्या आदल्या आठवड्यात तिचाच फोन आला. भाचीला मामाने शास्त्रवाचन करावं असं वाटत होतं. मी पहिल्या करिंथकरांस पत्राचा तेरावा अध्याय सुचवला, सगळेच तो वाचतात, त्यात कोणाला दुखत नाही.

"नको," ती म्हणाली. "मार्क दहा वाच."

मी गप्प बसलो. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"दादा, ऐकतोयस ना? पण देवाने जोडलं तिथून सुरू करू नकोस. ते येऊन प्रश्न विचारतात ना, तिथून वाच."